आधी वरचा बोल्ट

थोरलीचा राग घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. ती आरडाओरडा करायची नाही. उलट आवाज खाली जायचा, वाक्यं आखूड व्हायची आणि हातातलं काम दुप्पट वेगाने व्हायला लागायचं. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि त्यावरून ती एकेक दात रचायची, घासायची, पुन्हा बसवून बघायची. तिच्याबरोबर काम करणारे पाठीमागे म्हणायचे, बाई लोकांना दात देतात आणि स्वतः दातओठ खातात. हे तिच्या कानावर आलं होतं. तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी ती आईच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकून उताणी पडली होती, आणि आवाज ऐकायला कोणी असतं तर तो पार तळाला गेलेला ऐकू आला असता.

गाडी आईची होती. वडील गेल्यावर, साठी आल्यावर, आई गाडी शिकली. लोकांनी बोलून घेतलं, तिने ऐकून घेतलं आणि शिकली. डावा गुडघा वाकत नसल्यामुळे क्लच दाबणं शक्य नव्हतं, म्हणून ऑटोमॅटिक घेतली. उजवा पाय शाबूत असला की झालं, असं ती म्हणायची. गेली काही वर्षं ती तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला घेऊन जात होती. मैत्रीण आत चार तास झोपून असायची आणि आई बाहेर गाडीत बसून स्वेटर विणायची. येताना दोघी मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायच्या. डायलिसिसनंतर माणूस इतकं गळून जातं की बोलवतही नाही, पण खिडकीतून बघायला आवडतं, असं मैत्रिणीचं म्हणणं होतं.

मग गाडी कुरकुरायला लागली. सिग्नल सुटला की आधी विचार करायची, मग धक्का देऊन निघायची. चढावर थरथरायची. आईजवळच राहणाऱ्या धाकट्या भावाने ती गॅरेजला नेली आणि संध्याकाळी जेवताना सांगितलं की गिअरबॉक्स गेला. नवा घालण्यात अर्थ नाही. विकून टाकू.

धाकटा वॉशिंग मशिन बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारी ऐकायचं काम करायचा. दिवसभर चिडलेल्या लोकांचे फोन घ्यायचे आणि त्यांना शांत करायचं. त्या कामासाठी त्याने एक वेगळाच आवाज कमावला होता, लोणी लावलेला, आणि घरात काही लपवायचं असलं की तोच आवाज आपसूक बाहेर यायचा. आईने एकदाच विचारलं, "दुरुस्त नाही का होणार?" तो त्या आवाजात म्हणाला, "नाही गं. सगळं विचारून आलोय." आईने किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि उरलेलं जेवण संपवलं.

थोरलीला हे फोनवर कळलं. आई म्हणाली, "तुझा भाऊ म्हणतोय तर असेल." थोरलीला गाडी जाण्याचं इतकं वाटलं नाही, पण या वाक्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईने आयुष्यात कोणाच्याही बाबतीत 'म्हणतोय तर असेल' असं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

तिने लगेच धाकट्याला फोन लावला.

"गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं होतंस?"

"ताई, त्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं लागत नाही. आयुष्यभराचं असतं ते."

"कोणाच्या आयुष्यभराचं?"

"हे बघ, तू तुझे दात बघ. यातलं तुला काही कळत नाही."

"कळून घेईन. मी बदलते ऑइल."

तो हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. "तुला जमणार आहे का ते?"

त्यानंतर आठवडाभर ती रोज कामावरून आल्यावर तेच बघत होती आणि तेच वाचत होती. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचंच ऑइल तिने शोधून आणलं. कामावरच्या एकाकडून जॅक आणि चार लोखंडी स्टँड मागून आणले. नवऱ्याने विचारलं, मी येऊ का बरोबर. ती म्हणाली, नको, मी कोणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नसेन. नवरा शहाणा होता, त्याने पुन्हा विचारलं नाही.

तिने रविवार निवडला, कारण धाकट्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेलेली होती आणि धाकट्याला सकाळची पाळी होती. आईने दार उघडलं, तिच्या हातातल्या पिशव्या बघितल्या.

"काय करणार आहेस?"

"गाडीचं ऑइल बदलणार आहे."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग ड्रॉवरमधून किल्ली काढून तिने थोरलीच्या हातावर ठेवली आणि आत गेली. थोरलीला वाटलं, आईला बरं वाटलं असणार.

गाडीची नेहमीची जागा भिंतीला खेटून होती. तिथे आडवं पडायला वाव नव्हता. म्हणून तिने गाडी पार्किंगच्या मधोमध आणून उभी केली. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकांची गाडी मागे अडकली, पण काका रविवारी कुठे जात नाहीत असा तिचा समज होता. चारही चाकं वर उचलून तिने गाडी स्टँडवर चढवली, हाताने हलवून बघितली आणि खाली सरकली.

खालून गिअरबॉक्स एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटासारखा दिसत होता. त्याला दोन बोल्ट होते. एक अगदी खाली, जुनं ऑइल काढायचा. दुसरा कुशीला, जरा वर, नवं ऑइल भरायचा. आणि ज्याने ज्याने हे काम दाखवलं होतं त्या प्रत्येकाने एक गोष्ट घसा फोडून सांगितली होती. आधी वरचा बोल्ट सैल करा, मगच खालच्याला हात लावा. वरचा निघाला नाही आणि तुम्ही खालचा उघडून बसलात, तर गिअरबॉक्स रिकामा होणार, भरायला वाट नसणार आणि गाडी जागची हलवता येणार नाही. थोरलीला हे इतकं पाठ झालं होतं की सकाळी दात घासतानाही ती मनात तेच म्हणत होती.

तिने वरच्या बोल्टला पाना लावायला हात वर केला आणि फोन वाजला. धाकटा.

"ताई, आई फोन उचलत नाहीये. तू लावून बघ आणि तिला निरोप दे ना. गाडी बघायला एक जण येतोय, मी पाळी बदलून त्याला घेऊनच निघालोय. किल्ली काढून ठेवायला सांग."

"विकायचं कधी ठरलं?"

"ठरलंच होतं की."

"कोणी ठरवलं?"

मग तो आवाज आला, लोणी लावलेला. "तुला होणारा त्रास मी समजू शकतो, ताई."

थोरलीने फोन बंद केला. त्रास समजू शकतो. सख्ख्या बहिणीला. तिने पाना घट्ट धरला, नाकासमोर जो बोल्ट होता त्याला लावला आणि सगळा जीव एकवटून ओढला. एका हिसक्यात निघाला. तिला फार बरं वाटलं.

ऑइल धारेने खाली ठेवलेल्या टबात पडायला लागलं. नवं ऑइल लालभडक असतं. हे काळंकुट्ट होतं आणि त्याला करपलेल्या भांड्यासारखा वास येत होता. 'आयुष्यभराचं,' ती मनात म्हणाली. धार बघताना तिला एक क्रूर समाधान वाटत होतं. हा टब असाच उचलून धाकट्याच्या समोर ठेवायचा, असं तिने ठरवूनही टाकलं. धार बारीक झाली, थेंब पडायला लागले. मग तिने वरच्या बोल्टला पाना लावून ओढलं.

बोल्ट हलला नाही.

तिने पुन्हा ओढलं. पाना निसटला आणि तिची बोटं गिअरबॉक्सच्या कडेवर आपटून सोलली गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. ती तशीच हात छातीवर ठेवून पडून राहिली. राग आता जाणार कुठे. धाकट्याकडे जाईना, गॅरेजकडे जाईना. फिरून फिरून तिच्याच अंगावर येत होता.

पुढचा तासभर तिने त्या बोल्टशी झटापट केली. गंज सोडवायचा फवारा मारला, थांबली, ओढलं. आईच्या जुन्या पडद्याचा पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला, जोर मिळावा म्हणून. पाइप केळ्यासारखा वाकला. बोल्ट जिथल्या तिथे. आणि अशात तळमजल्यावरचे काका इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि वाकून गाडीखाली बघायला लागले.

"मला गाडी काढायची आहे."

"थोडा वेळ लागेल, काका."

"मला निघायचंय. ढकलून बाजूला घेऊ या का?"

"चाकं वर आहेत."

काकांनी चाकं बघितली. चारही बघितली, फिरून. "हे कोणाला विचारून केलंत?" आज हा प्रश्न तिला दुसऱ्यांदा विचारला जात होता. ती पुन्हा पान्याकडे वळली, तेव्हा काकांचा आवाज चढला. पार्किंग म्हणजे कोणाच्या घरचं अंगण नाही, इथे माणसं राहतात, वगैरे. तो आवाज वर चौथ्या मजल्यापर्यंत गेला असणार.

धाकटा पोचला तो याच आवाजात. त्याच्याबरोबर एक गोरासा, घामेजलेला माणूस होता, ज्याची बेकरी होती आणि ज्याला बायकोसाठी ऑटोमॅटिक गाडी हवी होती. धाकटा फाटकातच थांबला. त्याने स्टँडवर चढलेली गाडी बघितली, काका बघितले आणि गाडीखालून बाहेर आलेले बहिणीचे पाय बघितले.

"ताई, हे काय करून ठेवलंयस?"

थोरली सरकत बाहेर आली. तोंडावर काळे डाग, बोटांतून रक्त. ती काही बोलायच्या आत बेकरीवाला टबाजवळ गेला आणि समजूतदारपणे मान हलवत म्हणाला, "अच्छा, ऑइल बदलायला घेतलंत का. बरं केलंत. साहेब म्हणालेच होते, गॅरेजवाल्यांनी एवढंच काम सांगितलंय. बाकी गिअरबॉक्स एकदम चांगला आहे म्हणून."

धाकटा घाईने बेकरीवाल्याकडे सरकला.

"काय सांगितलं गॅरेजवाल्यांनी?" थोरलीने विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की बेकरीवाल्याला कान पुढे करावा लागला.

"ऑइल बदलायला सांगितलंय म्हणून..." आपण भलतंच बोलून गेलो हे त्याला कळलं आणि तो धाकट्याकडे बघायला लागला. "मी नंतर येऊ का?"

"थांबा." आवाज जिन्यातून आला. आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. खाली येऊन तिने श्वास घेतला आणि बेकरीवाल्याला पाहुण्याशी बोलावं तसं विचारलं, "पुन्हा एकदा सांगाल का? मला नीट ऐकू आलं नाही."

त्या बिचाऱ्याने पुन्हा सांगितलं. आईने मान डोलावली. मग ती धाकट्याकडे वळली.

"आई, आपण वर जाऊन शांतपणे बोलू," धाकटा म्हणाला.

"तो आवाज काढू नकोस माझ्याशी. मी वॉशिंग मशिन घेतलेलं नाही तुझ्याकडून. इथेच बोल."

धाकट्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मग तो जे बोलला ते त्याच्या नेहमीच्या, लहानपणच्या आवाजात, चिडून, अडखळत. "इथे. याच जागी. तू गाडी मागे घेत होतीस आणि पिल्लू चप्पल उचलायला मागे पळाली. मी ओरडलो. तू थांबायच्या ऐवजी गाडी एकदम उडी मारून मागे आली. मी तिला हाताला धरून खेचलं. तिचा खांदा दुखत होता दोन दिवस. चार वर्षांची आहे ती, आई. मला झोप लागत नाही. काय सांगायला हवं होतं मी तुला? की तू आता म्हातारी झालीस?"

थोरलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. पिल्लू म्हणजे भाची. तिचा हात आपोआप गाडीच्या मागच्या बंपरवर गेला आणि तिने तो लगेच काढून घेतला.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी आरशात बघितलं. माझा पाय ब्रेकवरून घसरून भलतीकडे पडला. तू तिला उचलून वर गेलास. मी गाडीत बसून राहिले. वाटलं, रात्री बोलशील. नाही बोललास. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज बोलशील. मी रोज वाट बघत होते. मग तू गॅरेजला जाऊन आलास आणि म्हणालास, गिअरबॉक्स गेलाय, म्हणून गाडी धक्के देते." आईने गाडीकडे बघितलं. "मला वाटलं, मग तेही गिअरबॉक्समुळेच झालं असेल. माझा पाय नसेल. इतके दिवस मी ते धरून बसले. चहा करताना, अंघोळ करताना, स्वतःला समजावत बसले की पाय नव्हता, गिअरबॉक्स होता. आणि तुला ठाऊक होतं की असं काही नाही. मला वेड्यात काढलंस तू. चारचौघांना खरं सांगितलंस आणि आईला खोटं."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाईट वाटायचा माझा हक्क आहे."

थोरली पुढे झाली. "मी सांगते तुला, याने कधीच..."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "तू कोण मोठी लागून गेलीस. त्याने मला न विचारता गाडी विकायला काढली आणि तू मला न विचारता गाडी उघडलीस. सकाळी मी किल्ली दिली तेव्हा वाटलं, आता ही एकदा तरी विचारेल, आई, तुला चालवायची आहे का अजून? तुला भीती वाटते का? वाटते. पण विचारलं कोणी? तुझं लक्ष त्याला खोटं पाडण्याकडे."

आईवर रागावायला थोरलीला आवडलं असतं, पण तसंही करता येईना, कारण प्रत्येक शब्द खरा होता.

काकांनी घसा खाकरला. "ते सगळं ठीक आहे. पण माझ्या गाडीचं काय?"

"बोल्ट निघत नाहीये," थोरली म्हणाली. "तो निघाल्याशिवाय ऑइल भरता येत नाही."

काका निघून गेले आणि पाण्याच्या जुन्या नळाचा जाडजूड लोखंडी तुकडा घेऊन परत आले. मदतीची भावना वगैरे काही नव्हती. त्यांना निघायचं होतं. त्यांनी तो पाइप गाडीजवळ आपटून ठेवला आणि घड्याळ बघत भिंतीला टेकून उभे राहिले.

थोरली पुन्हा खाली सरकली. तिने पाना लावला, त्याच्यावर लोखंडी पाइप चढवला आणि ओढलं. एकटीने होईना. शेजारी खरखर झाली. धाकटा कामावरच्या शर्टात, पुठ्ठ्याविना, तसाच फरशीवरून सरकत आत आला होता. त्याने पाइपाचं टोक धरलं.

"खाली ओढायचं की वर?"

"माझ्याकडे. पाना मी दाबून धरते, नाहीतर निसटेल. मोजून ओढ."

"तू वरचा आधी का नाही काढलास? सगळे सांगतात आधी वरचा."

"तुझा फोन आला होता तेव्हा."

"म्हणजे यातही माझी चूक."

"नाही. माझी. आता ओढ."

दोघांनी ओढलं. पुन्हा ओढलं. धाकट्याच्या कोपराने तिच्या बरगडीत दणका बसला, तिने त्याला शिवी दिली, त्याने ती परत केली. तिसऱ्यांदा कट्ट असा आवाज झाला आणि थोरलीला वाटलं, बोल्ट मोडला. पण तो फिरला होता. तिने पाना काढला, बोल्ट दोन बोटांत धरून फिरवत बाहेर काढला आणि खालचा बोल्ट परत घट्ट बसवला.

बेकरीवाला अजून उभाच होता. जायला कोणी सांगितलं नव्हतं आणि आपणहून निघणं त्याला प्रशस्त वाटत नव्हतं. वरून नळी लावलेलं नरसाळं धरायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा तो बाह्या सारून पुढे झाला. पिठाच्या सवयीचे हात होते, एक थेंब सांडला नाही. जितकं काळं निघालं होतं तितकं लाल मापून आत गेलं. नळीतून खाली उतरताना ते ऑइल सरबतासारखं दिसत होतं.

मग इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून धरून, गिअरचा दांडा एकेका जागी थोडा थोडा थांबवत फिरवायचा होता, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे जातं. धाकटा गाडीच्या दाराकडे निघाला. आईने त्याच्या आधी दार उघडलं आणि ती आत बसली. चाकं वर असल्यामुळे गाडी उंच होती, तिला चढायला त्रास झाला. कोणाला हात लावू दिला नाही तिने.

"आई, मी करतो ना."

"गाडी माझी आहे."

तिने इंजिन सुरू केलं. सगळे लांब उभे राहिले. धाकटा तेवढा खिडकीशी थांबला आणि आत वाकून बघायला लागला. आईचा उजवा पाय ब्रेकवर होता. त्याची नजर तिथेच खिळली होती. आईने दांडा मागे घेतला, थांबली, पुढे नेला, थांबली.

"पायाकडे बघू नकोस," ती समोर बघत म्हणाली. "तोंडाकडे बघ आणि जे काय वाटतंय ते बोल."

"भीती वाटते," धाकटा म्हणाला.

"हं. मलाही वाटते."

तिने दांडा पुन्हा पार्किंगवर आणला आणि हँडब्रेक ओढला. इंजिन तसंच चालू ठेवून आता कोणीतरी खाली जाऊन बघायचं होतं. वरच्या भोकाच्या काठावरून ऑइल जेमतेम ठिबकायला हवं. थोरली आडवी झाली. धाकटा म्हणाला, "आई, तू आता उतर. मग ताई जाईल खाली."

आई उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. थोरलीने भावाकडे बघितलं आणि सरकत आत गेली. वर इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या वर आई बसली होती. थोरलीलाही आता त्या पायाचा विचार आल्यावाचून राहिला नाही, आणि विचार आला म्हणून तिला स्वतःची चीड आली. मग शेजारी पुन्हा खरखर झाली. धाकटा आत आला होता. तो बहिणीकडे न बघता भोकाकडे बघत होता.

काठावर लाल थेंब जमला, लोंबला आणि पडला. मग दुसरा.

"एवढंच असायला हवं का?"

"एवढंच."

तिने बोल्ट परत बसवला. आधी हाताने, मग पान्याने, बेताने.

गाडी खाली उतरवल्यावर काका पहिले निघाले, आभार-बिभार न ऐकता. बेकरीवाल्याने आईला नमस्कार केला आणि म्हणाला की त्याला वाटतं, ही गाडी काही विकायची नाहीये. आई म्हणाली, "अजून ठरलेलं नाही. ठरलं की मी स्वतः फोन करीन." त्याने तिला नंबर दिला.

मग आई आणि थोरली गाडी घेऊन बाहेर पडल्या. सिग्नल सुटल्यावर गाडी निघाली. एक हलकासा शहारा आला, पण पहिल्यासारखा हिसका नाही. थोरली काहीतरी बोलायला गेली, तर आई म्हणाली, "मला गाडी चालवू दे. चालवताना मी बोलत नसते." पाऊण तास दोघी फिरल्या. मैत्रिणीला घेऊन आई यायची तो लांबचा रस्ता होता, हे थोरलीला मागाहून कळलं.

पुढच्या आठवड्यात आई आपणहून एका गाडी शिकवणाऱ्या बाईकडे गेली आणि तिला सगळं सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. त्या बाईने तिला चार दिवस बरोबर बसून चालवायला लावलं. मऊ तळव्याच्या सपाता घालून चालवू नका म्हणाली, अंधार पडल्यावर चालवू नका म्हणाली. आईने दोन्ही ऐकलं. तिसरी गोष्ट तिने स्वतः ठरवली, की इमारतीच्या आत गाडी आणायचीच नाही, बाहेर रस्त्यावर लावायची. पुन्हा एकदा जरी पाय चुकला तर त्याच दिवशी बेकरीवाल्याला फोन. हे तिने धाकट्याला त्याच्या बायकोसमोर सांगितलं. धाकट्याला ते पटलं नाही, आणि पटलं नाही असं तो तोंडावर बोलला. आईला त्याचं हे बोलणं आवडलं. मैत्रिणीला डायलिसिसला नेणंही तिने पुन्हा सुरू केलं.

जुनं ऑइल डब्यात भरून टाकायला गॅरेजमध्ये न्यायचं होतं. ते काम आईने धाकट्याला सांगितलं. ज्याच्या नावावर खोटं बोललास त्याच्याकडेच जा, म्हणाली. तो गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

थोरली आणि धाकटा मात्र महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. तिची सोललेली बोटं बरी झाली, राग काही बरा झाला नाही. पिल्लूची गोष्ट आपल्याला कोणीच सांगितली नाही, हे तिला टोचत होतं. आपणही आईला विचारलं नाही, हे त्याहून जास्त टोचत होतं. कामावर तिच्या हातून दात भराभर रचले जात होते आणि कोणी जवळ फिरकत नव्हतं.

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, मी वाचलं की एकदा काढून सगळं जुनं ऑइल निघत नाही. निम्मं आतच राहतं. काही दिवस चालवून पुन्हा एकदा बदलायचं असतं."

"माहीत आहे."

"मग करायचं का? आईला विचारलंय मी. हो म्हणाली."

थोरलीने बरी झालेली बोटं उघडून मिटली.

"राग गेला का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"रविवारी खाली पार्किंगमध्ये ये," ती म्हणाली. "सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत."